दोन स्लॉट, दोन पट्ट्या आणि काळी स्क्रीन

खटपट्या (शनिवार, रात्री ११:५२)

मंडळी, मदत हवी आहे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पीसी जोडलाय. मिनी-आयटीएक्स बोर्ड आहे, १७० बाय १७० मिमी, म्हणजे वीतभरही नाही. प्रोसेसर एएमडीचा, एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डवरची जागा), ग्राफिक्स त्यातलंच, वेगळं कार्ड नाही. रॅम डीडीआर५ पिढीची, १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या, वर ६००० लिहिलेल्या.

बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी ती काळीच. बोर्डवर चार बारीक एलईडी आहेत, त्यातला 'डीरॅम' लिहिलेला पेटून राहतो. मिनिटभर वाट पाहून बंद केला. असं तीनदा झालं.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. व्हिडिओत स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडताना दाखवतात. माझ्या स्लॉटला एकाच टोकाला हलणारी क्लिप आहे, दुसरं टोक पक्कं. पहिली पट्टी दाबल्यावर टक्क वाजलं. दुसरीलाही वाजलं असं वाटलं. बोर्ड वाकत होता, त्यामुळे जास्त जोर लावायची छाती झाली नाही.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसलाय, कूलर बसलाय, वायरी बांधून झाल्यात. सगळं परत उचकटायला लागू नये एवढीच इच्छा. हसायचं ते हसून घ्या.

जुना_पाना (शनिवार, रात्री ११:५९)

"वाजलं असं वाटलं" म्हणालास ना, तिथेच पाणी मुरतंय.

एका क्लिपेच्या स्लॉटमध्ये हे फार होतं. क्लिपेकडचं टोक टक्क करून बसतं, माणूस खूश होतो, आणि पक्कं टोक मिलिमीटरभर वरच राहतं. आधी खाच जुळव. मग पक्क्या बाजूचं टोक खोबणीत नीट घाल, क्लिपेचं नंतर. शेवटी दोन्ही टोकांवर एकेक अंगठा ठेवून सरळ खाली दाब. मधोमध दाबायचं नाही, पट्टी डुलवत डुलवत घालायची नाही.

आवाजावर जाऊ नकोस. टॉर्च घे आणि स्लॉटच्या उंचीला डोळा आणून आडवं बघ. पट्टी पूर्ण बसली की सोनेरी दात जवळजवळ दिसत नाहीत. एका टोकाला निमुळती होत जाणारी सोनेरी रेघ दिसली तर पट्टी तिरकी आहे.

हात घालायच्या आधी वायर भिंतीतून काढ आणि मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धर. उरलासुरला चार्ज निघून जातो.

मनकवडी (रविवार, रात्री १२:१४)

पाना म्हणतात ते बघच, पण त्याआधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे: थांबणं.

डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना 'मेमरी ट्रेनिंग' होतं. ४८०० या वेगाला प्रत्येक डेटा-रेषेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट्स जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात सिग्नल बोर्डवरच्या तांब्यातून तीनेक सेंटिमीटर सरकतो. प्रत्येक रेषेची लांबी, पट्टीवरच्या चिपा, सगळं थोडं थोडं वेगळं असतं. म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर एकेक रेषा तपासून "हिच्याकडे नेमकं कधी बघायचं" हे ठरवतो. एएम५वर याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी, डीरॅमचा दिवा पेटलेला. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

आणि तुम्ही दर मिनिटाला बंद करताय. म्हणजे दर वेळी पहिले पाढे पंचावन्न.

पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि खोलीतून बाहेर जा.

निवांत (रविवार, रात्री १२:२०)

+१. माझ्या वेळी चार मिनिटं लागली होती. त्या चार मिनिटांत मी बोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि स्वतःची अक्कल, सगळ्यांवर संशय घेऊन मोकळा झालो होतो.

ठोक_ठाक (रविवार, सकाळी ७:०५)

एवढं पुराण कशाला? पट्टी काढायची, दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, परत लावायची. वीस वर्षं हेच करतोय. दहातले नऊ पीसी उठून बसतात.

मनकवडी (रविवार, सकाळी ७:४०)

काका, नव्याकोऱ्या पट्टीवर खोडरबर कशाला? त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. रबर तो खरवडतं, भुगा स्लॉटमध्ये पडतो, शिवाय घासण्याने स्थिर वीज तयार होते. आणि फुंकरीबरोबर थुंकीही जाते.

पीसी उठून बसतात ते पट्टी काढून परत नीट लावल्यामुळे. रबर फुकटचं श्रेय घेतं. दात खरंच मळले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड.

ठोक_ठाक (रविवार, सकाळी ७:४८)

श्रेय कोणी का घेईना, पीसी उठला ना?

चकवा (रविवार, सकाळी ८:३०)

पट्ट्या चुकीच्या स्लॉटमध्ये असतील. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या असतात.

जुना_पाना (रविवार, सकाळी ८:४४)

चकवा, त्याच्या बोर्डाला दोनच स्लॉट आहेत रे. चौथा आणायचा कुठून?

तुझं म्हणणं चार स्लॉटच्या बोर्डासाठी बरोबर आहे, पण कारण माहीत असलं की गफलत होत नाही. हल्लीच्या बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांत एका चॅनलचे (चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट; अशा दोन, ए आणि बी) दोन स्लॉट माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. रेषा आधी जवळच्या स्लॉटला शिवते आणि दूरच्या स्लॉटला संपते. दूरचा रिकामा ठेवला तर तिथली उघडी शेपटी सिग्नलचे प्रतिध्वनी मागे पाठवते. म्हणून दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रत्येक चॅनलच्या दूरच्या टोकाला, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये.

मिनी-आयटीएक्सवर एका चॅनलला एकच स्लॉट. शेपटी नाही, भानगड नाही. दोन पट्ट्या दोन स्लॉटमध्ये घातल्या की ड्युअल चॅनल आपोआप. छोट्या बोर्डांची रॅम बऱ्याचदा जास्त वेगाला स्थिर चालते त्यामागे हेही एक कारण आहे.

खटपट्या (रविवार, सकाळी ११:१०)

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

पंधरा मिनिटं थांबलो, काही नाही. मग टॉर्च घेऊन पाहिलं. बी स्लॉटमधल्या पट्टीचं पक्कं टोक खरोखरच वर होतं आणि सोनेरी रेघ स्वच्छ दिसत होती! पाना, तुमच्या तोंडात साखर पडो.

पट्टी काढून परत बसवली. या वेळचा 'टक्क' वेगळाच होता, कालचा नुसता 'टिक' होता. सुरू केला, तीन-सव्वातीन मिनिटांनी स्क्रीन उजळली.

पण आनंद अर्धाच. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डातलाच प्रोग्राम) म्हणतो रॅम १६ जीबी. ए स्लॉट रिकामा दाखवतोय. तिथली पट्टी तर पहिल्यापासून नीट बसली होती. टॉर्चने दोनदा पाहिलं, सरळ आहे.

मनकवडी (रविवार, सकाळी ११:२५)

आता दोन संशयित आहेत, पट्टी आणि स्लॉट. दोघांना वेगळं करा. एका वेळी एकच पट्टी:

पहिली बी मध्ये, मग दुसरी बी मध्ये. नंतर पहिली ए मध्ये, दुसरी ए मध्ये. दर वेळी वीज पूर्ण तोडून आणि दर वेळी दहा मिनिटं धीर धरून. पट्ट्यांवर पेन्सिलीने खुणा करा, नाहीतर तिसऱ्या फेरीला कुठली कुठली ते तुम्हालाच कळणार नाही. (अनुभवाचे बोल.)

रोमातली (रविवार, सकाळी ११:५०)

कधी नव्हे ते लिहितेय. माझ्याकडे पुस्तकाएवढा छोटा डबा-पीसी आहे, त्याला लॅपटॉपची आखूड रॅम लागते. तिलाही असंच सरळ खाली दाबायचं का?

निवांत (रविवार, दुपारी १२:०५)

नाही नाही, ताई. ती एसओ-डिम. ती साधारण ३० अंशांत तिरकी धरून खोबणीत पूर्ण आत सरकवायची आणि मग आडवी खाली टेकवायची. बाजूचे दोन धातूचे चिमटे आपोआप धरतात. चिमटे धरत नसतील तर पट्टी आत पूर्ण गेलेली नाही. अशा वेळी वरून जोर लावू नका, परत उचलून आत ढकला.

आणि घेताना पिढी बघा. डीडीआर४च्या आखूड पट्टीला २६० पिना, डीडीआर५ला २६२, खाचही वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी जात नाही. मोठ्या पट्ट्यांत गंमत अशी की डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८च पिना, फरक फक्त खाचेच्या जागेचा. पिना सारख्या म्हणून दामटून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. डबा उघडण्याआधी रॅम बदलता येते की बोर्डालाच डाख देऊन (सोल्डर करून) पक्की केलेली आहे, तेही बघून घ्या.

खटपट्या (रविवार, दुपारी २:३५)

चारही फेऱ्या झाल्या. बी मध्ये दोन्ही पट्ट्या चालतात. ए मध्ये एकही चालत नाही, दहा-दहा मिनिटं थांबलो.

म्हणजे पट्ट्या निर्दोष, स्लॉट मेलेला. बोर्ड परत पाठवायचा ना? पाठवणीचा फॉर्म उघडून बसलोय.

जुना_पाना (रविवार, दुपारी २:५१)

फॉर्म मिटव. कूलर कसा कसलास ते सांग.

खटपट्या (रविवार, दुपारी २:५८)

कूलर? दोन स्क्रूवाला आहे. एक पूर्ण आवळला, मग दुसरा. दुसरा जाता जात नव्हता, जोर काढावा लागला. का? रॅमचा आणि कूलरचा काय संबंध?

जुना_पाना (रविवार, दुपारी ३:२०)

जवळचा संबंध आहे. स्लॉट म्हणजे नुसता वायरींचा सांधा. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात आहे. तिथून निघालेल्या रेषा सॉकेटच्या पिनांमधून बोर्डात उतरतात आणि स्लॉटपर्यंत जातात. एएम५ला अशा १७१८ पिना. त्या सॉकेटमध्ये असतात, बारीक स्प्रिंगसारख्या, आणि वरून प्रोसेसरचे सपाट ठिपके त्यांच्यावर टेकतात. त्यातला ठरावीक भाग ए चॅनलचा, ठरावीक बी चा.

कूलर एका बाजूने पूर्ण आवळला आणि दुसरी बाजू ओढून आणली की दाब असमान पडतो. एका कडेचे संपर्क सैल पडू शकतात आणि नेमके ते ए चॅनलचे निघाले तर तुला दिसतं ते असं: एक स्लॉट मेलेला, बाकी पीसी ठणठणीत. एखादी पिन वाकली असेल तरीही हेच दिसतं.

तेव्हा ज्याची तुला भीती होती तेच करायचंय, बोर्ड बाहेर काढ. कूलर काढ, प्रोसेसर उचल, पिना बघ. बोटाने किंवा कापडाने शिवू नकोस. फोनचा कॅमेरा मोठा करून तिरक्या उजेडात फोटो काढ. सगळ्या पिना एका दिशेला एकसारख्या चमकल्या पाहिजेत, शेतातल्या पिकासारख्या. एखादी वेगळी चमकली तर तिथे घोळ. प्रोसेसर परत ठेव, प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसून नवी लाव. मग दोन्ही स्क्रू हाताने दोन-दोन वेढे, नंतर आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा. स्क्रू जिथे आपणहून थांबेल तिथे थांबायचं.

मनकवडी (रविवार, दुपारी ३:३१)

आणि बोर्ड बाहेर आहे तोवरच रॅम लावा. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवा, खाली सपाट आधार मिळाला की तो वाकत नाही आणि निर्धास्त दाबता येतं. कॅबिनेटमध्ये बोर्ड कोपऱ्यांतल्या चार ठोकळ्यांवर तरंगत असतो, रॅमच्या खाली पोकळी, म्हणून काल तुम्हाला तो वाकल्यासारखा वाटला.

छोट्या कॅबिनेटमध्ये क्रमच असा ठेवावा: प्रोसेसर, रॅम, कूलर, एकदा सुरू करून बघणं, आणि मग आत. आत गेल्यावर एक अंगठा जेमतेम मावतो, दोन कुठून येणार?

ठोक_ठाक (रविवार, दुपारी ३:४०)

त्या निमित्ताने खोडरबर...

मनकवडी (रविवार, दुपारी ३:४१)

काका!

खटपट्या (रविवार, रात्री ८:१५)

३२ जीबी!!!

सविस्तर: बोर्ड काढला. वायरी सोडवण्यात तासभर गेला, त्याबद्दल बोलत नाही. पिनांचे बावीस फोटो काढले, एकही वाकडी नाही. पेस्टचा ठसा मात्र बोलका होता. एका कडेला पेस्ट दाबून पापुद्र्याएवढी पातळ झालेली, दुसऱ्या कडेला जाड थर. नवी पेस्ट, आळीपाळीने स्क्रू. दुसरा स्क्रू या वेळी अडला नाही. बोर्ड खोक्यावर ठेवून दोन्ही पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकं टॉर्चने तपासली. पाचेक मिनिटं काळी स्क्रीन (मी बाहेर जाऊन बसलो) आणि मग दोन्ही स्लॉट भरलेले.

चकवा (रविवार, रात्री ८:४०)

अभिनंदन. पण कूलरच दोषी कशावरून? तू प्रोसेसरही काढून परत ठेवलास. तोच नीट बसला नसेल आधी.

खटपट्या (रविवार, रात्री ८:५२)

खरंय, दोन गोष्टी एकदम बदलल्या. पेस्टचा ठसा कूलरकडे बोट दाखवतो, पण शपथेवर नाही सांगू शकत. कूलर पुन्हा वाकडा आवळून प्रयोग करायची माझी तयारी नाही.

आता पुढचा प्रश्न. विंडोज टाकलं. टास्क मॅनेजर रॅमचा वेग ४८०० दाखवतो. सीपीयू-झेड (पीसीची माहिती दाखवणारा प्रोग्राम) तर २४०० म्हणतं. पाकिटावर ६००० आहे. मला कोणी फसवलंय का?

निवांत (रविवार, रात्री ९:१०)

कोणी नाही. २४०० हा घड्याळाचा ठोका, मेगाहर्ट्झमध्ये. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती, म्हणून ४८०० व्यवहार. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पाकिटावर मोठा आकडा छापतात, एवढंच.

४८०० हा सर्वमान्य सुरक्षित वेग, १.१ व्होल्टवरचा. ६००० साठी बायोसमध्ये जाऊन 'एक्स्पो' चालू करा. इंटेलच्या बोर्डांवर त्याच कामाला 'एक्सएमपी' म्हणतात. पट्टीवरच्या छोट्या चिपेत वेग, व्होल्टेज आणि टायमिंगची तयार जंत्री असते, ती लागू होते. तांत्रिकदृष्ट्या हे ओव्हरक्लॉकिंगच, तेव्हा चालेलच अशी हमी कोणी देत नाही. चालू केल्यावर पुन्हा ट्रेनिंग होईल, पुन्हा काळी स्क्रीन. घाबरू नका.

तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून हे कराच. ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं. एका पट्टीची वाट ८ बाइट रुंद, म्हणजे ४८००ला सेकंदाला ३८.४ जीबी, दोन्ही मिळून ७६.८. ६०००ला दोन्ही मिळून ९६. सकाळी तुम्ही एकाच पट्टीवर होतात तेव्हा ग्राफिक्स निम्म्या वाटेवर चाललं होतं.

रोमातली (रविवार, रात्री ९:२२)

म्हणजे माझ्या डब्यात एकच पट्टी आहे ती...

निवांत (रविवार, रात्री ९:२५)

हो ताई. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तिथे पट्टी घालणं हा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा फरक ठरेल. शक्य तर आहे त्याच क्षमतेची, त्याच वेगाची.

खटपट्या (रविवार, रात्री १०:३०)

एक्स्पो चालू केलं, ६००० दिसतंय. सीपीयू-झेडमध्ये चॅनलपुढे '४ गुणिले ३२-बिट' आलंय. पट्ट्या दोन, मग चार कशा?

आणि टास्क मॅनेजर ३२ पैकी २८च्या आसपासच वापरता येईल म्हणतो. पुन्हा ए स्लॉटचं दुखणं नाही ना?

मनकवडी (रविवार, रात्री १०:४४)

डीडीआर५मध्ये प्रत्येक पट्टी आतून ३२-३२ बिटांच्या दोन स्वतंत्र उपचॅनलांत विभागलेली असते. दोन पट्ट्या म्हणजे चार. सगळं जागेवर आहे.

हरवलेले ४ जीबी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने स्वतःसाठी राखून ठेवलेत. बायोसमध्ये ते कमीजास्त करता येतं. स्लॉट गेला असता तर ४ नाही, १६ गेले असते.

आता आज रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून लावून ठेवा. विंडोज सुरू झालं म्हणजे रॅम ठीक, असं नसतं. एखादा बिट कधीतरी उलटतो आणि महिन्याभराने एखादी फाइल उघडत नाही, तेव्हा रॅमची आठवणही कोणाला होत नाही. एकही चूक खपवून घेऊ नका. चूक आली तर एक्स्पो बंद करून परत चाचणी. तेव्हा नाही आली तर पट्टी बरी आहे, वेग झेपत नाहीये.

खटपट्या (सोमवार, सकाळी ७:२०)

रात्रभर चालवली. चार फेऱ्या, शून्य चुका, ६००० वर. बोर्ड कॅबिनेटमध्ये परत गेला, वायरी या वेळी बांधल्या नाहीत. दोन दिवस तशाच राहू देणार आहे.

जुना_पाना (सोमवार, सकाळी ७:३५)

छान. बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाची सोय असेल, ती चालू केली की जुनं ट्रेनिंग लक्षात राहतं आणि पीसी लवकर सुरू होतो. त्यानंतर अधूनमधून अडकायला लागला तर मात्र बंद कर.

ठोक_ठाक (सोमवार, सकाळी ७:५०)

खोडरबर लावलं असतं तर शनिवारीच झालं असतं.